उत्तराआधीचा श्वास

बंगळुरू

तीर्थरूप अप्पांना राजेश्वरीचा नमस्कार,

शंभर विद्यार्थ्यांसमोर न अडखळणारी मी तुमच्याशी फोनवर बोलताना तोतरी का होते, हे कोडे तुम्हालाही पडले असेल. विभागप्रमुख झाल्याचे कळवले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दुसरं कुनी घावलं न्हाई व्हय?"

त्या वेळी मी डोळे मिटले. श्वास कसा आत-बाहेर होतो, एवढेच शांतपणे पाहिले. श्वास सोडताना उमगले, की हे मत तुमचे आहे, माझे नव्हे. असे रोज पाहिले की माणूस कौतुकाने फुगत नाही आणि टोमण्याने खचत नाही.

समोरासमोरच्या टोमण्यांसाठी माझा हा सराव अजून कच्चा आहे, म्हणून दिवाळीला येणार नाही. आईचे गुडघे कसे आहेत?

एक करून पाहा. आपल्या तिसगावच्या बाजारात कुणी माझे कौतुक केले, तर बोलण्याआधी एक श्वास पूर्ण सोडा. मग तोंडाशी पहिला शब्द कोणता येतो, ते पाहा.

आपली,
राजेश्वरी