चिंधी बांधली नाही तो दिवस

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. माझा गुडघा तेवढा रुसलाय, पण त्याचंही वय झालं. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला हवापाण्यावर येतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो.

परवा आपण दोघं कामाला होतो त्या जुन्या रुग्णालयाच्या मैदानावर चक्कर मारली. तिथे गवत कापायची नवी गाडी आली आहे. तिच्यावर एकजण कानात गाणी घालून बसला होता आणि पेट्रोलचा कॅन चक्क पायाशी. मी निवृत्त माणूस, पण राहवलं नाही. त्याला थांबवून सगळं पुराण ऐकवलं. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. बॉनेटवर तळहात आरामात टेकेपर्यंत टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. कॅन जमिनीवर ठेवायचा, टाकी काठोकाठ भरायची नाही, सांडलेलं पुसून वाळू द्यायचं, झाकण घट्ट, कॅन लांब नेऊन ठेवायचा. मग सीटवर बसून ब्रेकवर पाय, पाती बंद आहेत ना ते बघायचं, चोक ओढायचा आणि मगच किल्ली. तो हो हो म्हणाला आणि माझी पाठ वळल्यावर हसला असणार. तूही हसायचीस. बागखात्यात गवताची गाडी चालवणारी पहिली मुलगी, आणि मुकादम साक्षात बाप. तुला सुटका कुठली!

चिंधीची पद्धत मात्र मी त्याला सांगितली नाही. ती तूच काढली होतीस. जो पेट्रोल भरेल त्याने स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. जो चालवायला बसेल त्याने झाकण आपल्या हाताने तपासायचं आणि मगच ती सोडायची. चिंधी नाही म्हणजे टाकीला कोणी हात लावलेला नाही. मला तेव्हा हा पोरखेळ वाटला होता. मुकादमाने चिंध्या बांधत फिरायचं का, असंही मी म्हणालो होतो.

त्या दिवशी सकाळी पेट्रोल तू भरलंस, तपासलंस, चिंधी सोडलीस आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गवत कापलंस. दुसऱ्या दिवशी पाहणी होती आणि साहेब माझ्या डोक्यावर बसले होते. तू डबा खायला गेलीस. मी बॉनेटला हात लावला, तो चटकन मागे घ्यावा लागला. तरीही मी पेट्रोल ओतलं, चिमणे. ज्या गोष्टीवरून मी आयुष्यभर लोकांना झाडलं, तीच केली. तू परत आल्यावर वेळ जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. टाकी गळ्यापर्यंत भरली, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, आणि झाकण नुसतं वर टेकवून मी गेलो. चिंधी खिशात होती. बांधली असती तर इंजिन तापलेलं असताना टाकी भरली, हे तुला कळलं असतं, आणि तू मला बोलली असतीस. म्हणून बांधली नाही.

पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, चिंधी दिसली नाही, किल्ली फिरवलीस आणि भडका उडाला. उडी मारलीस म्हणून वाचलीस. हात भाजला तो भाजलाच. चौकशीत साहेबांनी विचारलं, पेट्रोल कोणी भरलं होतं. तू पट्टी बांधलेल्या हाताने लिहून दिलंस, सकाळी मीच भरलं, झाकण माझ्याकडूनच सैल राहिलं असावं. त्या कागदावर खाली मुकादम म्हणून माझी सही आहे. माझी पाचावर धारण बसली होती आणि मी मूग गिळून गप्प राहिलो. खापर तुझ्या डोक्यावर फुटू दिलं. पाहणी झाली की बोलू, दोन आठवड्यांनी बोलू, असं म्हणता म्हणता अकरा वर्षं झाली.

घरी आलीस की तू गॅसचं बटण तीन तीनदा बघतेस. आम्ही सगळे तुला त्यावरून चिडवतो. सगळ्यांत जास्त मी. त्याची मला फार लाज वाटते.

तुझ्या आईला काल सांगितलं. ती वेळेवर वाढते, पण बोलत नाही. साहेब आता नाहीत, तरी कार्यालयाला सगळं लिहून दिलं आहे; त्याची नक्कल सोबत आहे. हे सगळं आजच का, तर तुझ्या आत्याचा फोन आला होता. बागकामाच्या शाळेत नव्या लोकांना यंत्रं शिकवायला तुला बोलावलंय, आणि शनिवारी तू ‘नाही’ म्हणून कळवणार आहेस, असं ती म्हणाली. कारण काय, तर तू तिला म्हणालीस, ‘माझ्या हातून एकदा झाकण राहिलंय, मी कुणाला काय शिकवणार.’ नोकरी लांब आहे, जमत नाही, आवडत नाही, काहीही कारण असेल तर खुशाल नाही म्हण. पण हे कारण देऊ नकोस. ते तुझं नाही, माझं आहे.

तुझाच,
बाबा