वळणावरचा खांब

प्रिय ठमे,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच ‘बरं आई, ठेवते’ म्हणतेस आणि मीही सुटल्यासारखी ठेवते. या वेळी मला सुटायचं नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले, तीनदा उठले. एकदा तर दुकानासमोर उगाच मोटारसायकल सुरू केली, दोन मिनिटं तशीच बसले आणि बंद केली. दंतवैद्याच्या गाडीची सीट शिवायला आली आहे. तिचं कव्हर उलटं शिवलं, उसवलं, पुन्हा उलटंच शिवलं. तुझ्या आईच्या पायाला भिंगरी आहे हे तुला ठाऊक आहेच, पण आज जीवच थाऱ्यावर नाही. तुझ्यात आणि बाबांमध्ये बारा वर्षं जे पडलं आहे, ते माझ्यामुळे पडलं. ते सांगायला बसले आहे आणि रस्ताभर दुसरंच बोलते आहे.

गेल्या रविवारी आम्ही जुन्या जकात नाक्याच्या रस्त्याने गेलो होतो. आता त्या नाक्याला छप्पर नाही, आत बकऱ्या बसतात. बाबांनी हेल्मेट काढून नेहमीसारखा इतिहासाचा तास घेतला. कुठल्या राजाचं सैन्य कुठून उतरलं, कुठे अडलं. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी मास्तरकी सुटत नाही, जित्याची खोड. पुढचा रस्ता तर काय सांगू! दोन्हीकडे दगडी बांध, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट, आणि प्रत्येक चढावर एखादी पडकी भिंत. बारा गाड्या होत्या. पुढे बाबा, म्हणजे आपलं नाक, आणि सगळ्यांत मागे मी, शेपूट. प्रत्येक फाट्यावर बाबा आपल्या मागच्याला उभा करतात आणि तो खांब होतो. येणाऱ्याला दिशा दाखवायची आणि शेपूट येईपर्यंत हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. हे सगळं तुलाच काय सांगते म्हणा. लहानपणी चमचे-वाट्यांच्या गाड्या करून तू मिठाच्या बरणीला खांब करायचीस.

तर बातमी अशी की येत्या रविवारी आपल्या मोटारसायकलवाल्या मंडळींनी माझा सत्कार ठरवला आहे. शेपूट होऊन तीस वर्षं झाली. दंतवैद्य आमचे सचिव, त्यांनी भाषण लिहिलं आणि सीट टाकायला आले तेव्हा मला वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य आहे, की यांच्या मागे आजवर कधी कोणी राहिलं नाही. मी हातातली कात्री खाली ठेवली. त्यांना वाटलं मी भारावले. मला मात्र बुरुजाच्या फाट्यावर उभी असलेली तू दिसत होतीस, एकोणीस वर्षांची, माझं जुनं मोठं जाकीट घातलेली.

त्या दिवशी मी तुझ्या फाट्यावरून गेलेच नाही, ठमे. बुरुजाच्या अलीकडे एक जुनी बैलगाडीची वाट खाली नदीकडे उतरते, तिच्यावर दगडी पूल आहे. अठरा वर्षं मी सगळ्यांची धूळ खात मागून चालले होते. त्या दिवशी वाटलं, एकदा तरी आपल्यापुढे कोणाची पाठ नको, आपण आणि रस्ता, बस. बाबा बुरुजाशी कधी खांब ठेवत नसत, कारण तिथे पाटी होती. ती पाटी पडल्याचं आणि म्हणून बाबांनी तुला तिथे उभं केल्याचं मला माहीत नव्हतं. मी वाट सोडली, पूल ओलांडला, फाट्याच्या पुढे वर आले. इतकी खूश होते की हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होते. जेवणाच्या ठिकाणी पोचले तर सगळे होते, तू नव्हतीस. बाबांनी विचारलं, “बुरुजाशी ती होती ना?” आणि शेपटीने वाट सोडली हे सगळ्यांसमोर सांगायची मला लाज वाटली. मी म्हणाले, “तिथे तर कोणीच नव्हतं.”

एवढं एकच वाक्य. वाटलं होतं, बाबा जातील, तुला घेऊन येतील, मग हळूच सांगू. पण बाबा पोचले तेव्हा तिथे खरंच कोणी नव्हतं. अडीच तास उभी राहून तू मागे गेली होतीस, मला शोधायला. आई पडली असेल म्हणून रस्त्याच्या कडेचे खड्डे बघत, हाका मारत गेलीस. संध्याकाळी पेट्रोल संपल्यावर दुधाच्या गाडीवाल्याने तुला आणलं तेव्हा तुझा आवाज बसला होता. आणि बाबा म्हणाले, आई तर कधीच पुढे गेली होती, कंटाळून जागा सोडलीस आणि वर खोटं बोलतेस. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारीच मूग गिळून उभा. बाबांशी तू भांडलीस. माझ्याशी भांडली नाहीस, हेच मला जास्त खातं. आठवड्याने तू माझ्या दुकानात आलीस, रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसलीस आणि म्हणालीस, आई, पाणी प्यायला वळले असेन, तेवढ्यात तू गेली असशील, चुकलंच माझं. तू माझी माफी मागितलीस आणि मी ती घेतली. महिन्याभरात तू गाडी विकलीस. त्यानंतर तू घरी येतेस तेव्हा बाबा आणि तू हवापाण्यावर बोलता आणि मी दोघांच्या मध्ये भांडी वाजवत बसते.

मंगळवारी मी बाबांना सांगितलं. ते साखळीला तेल घालत होते. ऐकून चाक फिरवत राहिले. मग म्हणाले, “अडीच तास म्हणाली होती ती. मी तिला खोटं ठरवलं.” मी माफी मागितली तर म्हणाले, माझी कशाला मागतेस. रात्री जेवले नाहीत. काल सचिवांना मी सत्कार नको म्हणून कळवलं आणि का ते रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू मला क्षमा करावीस म्हणून हे लिहीत नाही. मागायला तोंड कुठे आहे मला!

लिहिते आहे कारण बाबा आज पहाटे तुझ्याकडे निघाले. हमरस्ता त्यांना कधी मानवला का? आडवाटांनीच येतील. मी मागून येते म्हटलं तर नको म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मागे कोणी नाही, म्हणून मी घरभर फिरते आहे. कुरियरवाला म्हणतो पत्र उद्या दुपारी पोचेल. बाबा परवा संध्याकाळी येतील. दारात आधी रस्त्यांचंच बोलतील, कुठला पूल खचला, कुठलं डांबर उखडलं. माफी कशी मागतात ते त्यांना येत नाही, तू जरा वाट बघ. त्यांचा दोष एवढाच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर हवा तितका राग धर, कायमचा धर. त्यांना मात्र दाराबाहेर उभं ठेवू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
आई