मुलगा कोट विसरला

ता. ३, मंगळवार

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण मी बोलायला लागलो की बाबा शेजारी येऊन कान टवकारतात आणि मग दिवसभर कोण गेलं, कोण गेलं म्हणून विचारत बसतात. म्हणून हा कागद.

आमच्या बँकेसमोरचा जमाव काही हटत नाही. कर्ज थकलं म्हणून बँकांनी ज्यांची घरं जप्त केली, ते लोक आहेत. त्यांचं चुकतंय असं मला तरी म्हणवत नाही. पण बँकेचा माणूस दिसला की त्यांचं डोकं फिरतं. आमच्या कॅशियरबाईंच्या कोटाची बाहीच ओढून फाडली. लगेच वरून हुकूम आला: कोट नाही, टाय नाही, जवळ ओळखपत्र नाही, साध्या कपड्यांत मागच्या दारानं यायचं. सगळे खूश झाले. मी मात्र बाबांच्या काळजीत पडलो.

तुला ठाऊकच आहे, बाबा माझा चेहरा केव्हाच विसरलेत. ते ओळखतात तो माझा निळा कोट आणि त्याच्या खिशावरचं बँकेचं चिन्ह. जन्म गेला कारखान्याच्या गेटवर, माणसाआधी गणवेश बघायची सवय. काल साध्या शर्टात घरी आलो, तर दार अडवून उभे. गेटपास मागितला. मी म्हटलं, बाबा, मी आहे. तर म्हणाले, साहेब जेवायला गेलेत, बाहेर थांबा. थांबलो की! जिन्यात बसून राहिलो. शेवटी खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या मावशींनी समजूत घातली, तेव्हा आत घेतलं, तेही पाहुणा म्हणून. मी कपाटातला कोट चढवला, तेव्हा कुठे म्हणाले, आलास का? तू हसत असशील. मला रडू आलं.

लोभ असू दे, रागावलीस तरी.

तुझा,
बारक्या


ता. ७, शनिवार

चि. बारक्यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद.

गेटपासचं वाचून हसले खरी, पण मग पुन्हा वाचलं आणि ताट बाजूला सारलं. तुझे दाजी म्हणाले, सासरेबुवांनी नोकरी सोडली, नोकरीनं त्यांना सोडलं नाही.

अरे, एवढा शिकलास, जरा डोकं चालव. सकाळी कोट घालूनच बाबांचा निरोप घ्यायचा. खाली मावशींच्या खोलीत तो काढून ठेवायचा आणि साधा होऊन बँकेत जायचं. संध्याकाळी तिथेच कोट चढवून वर यायचं. दुपारी बाबांचं ताट त्याच नेतात ना? मग एवढं नाही म्हणायच्या नाहीत.

आणि मागचं भांडण उकरायचं म्हणून नाही, पण सांगते. इथे अंगण आहे, मी घरीच असते, बाबांना इकडे पाठव म्हणून मी किती वेळा म्हटलं. तू म्हणालास, ते मला ओळखतात तोवर नाही. मी हट्ट सोडला, कारण मला तर त्यांनी कधीच शेजारीण करून टाकलंय. पण शब्द तुझाच आहे, ओळखतात तोवर. तेव्हा जिवाला जप आणि खोटं कळवू नकोस.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. १२, गुरुवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. बाबा रुबाबात दार उघडतात आणि आलास का म्हणतात. मावशी म्हणतात, नाटकातल्या नटालाही इतके कपडे बदलावे लागत नसतील.

बँकेत मात्र जीव मुठीत धरून काम चाललंय. पुढच्या काचांवर प्लायवूड ठोकलंय, त्यामुळे भर दिवसा दिवे. मागे कचऱ्याच्या डब्यांमधून वाट काढत आत शिरायचं. तिथे पोलीस उभे असतात आणि आम्ही आतलेच आहोत हे सांगायला आमचा शिपाई. सुटलो की पुढच्या रस्त्यानं, जमावातूनच जावं लागतं. काल एका बाईनं मला आपल्यातलाच समजून हातात फलक दिला आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. त्यावर लिहिलेलं, 'आमचं घर परत द्या.' मी तो धरून उभा राहिलो. त्या घराची नोटीस माझ्याच टेबलावरून गेली असेल, ताई. तिच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली, आणि नोकरी सोडायची हिंमत नाही.

घरी येऊन बाबांच्या तोंडचं आलास का ऐकलं की बरं वाटतं. तेवढ्यावर माझं चाललंय. त्यांना तिकडे नेलंस तर मला ओळखणारं या घरात कोण उरेल? तेव्हा न्यायचं नाव काढू नकोस.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहो.

तुझा,
बारक्या


ता. १४, शनिवार

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

बातम्यांत तुमचा रस्ता दाखवला. धूर होता, लोक पळत होते. दाजींनी टीव्ही बंद केला, पण माझ्या डोळ्यांपुढून तो रस्ता हलत नाही. रजा मिळत असेल तर घे. मिळत नसेल तर निदान बाबांना क्षणभरही एकटं सोडू नकोस, मावशींनाही बजावून सांग. हट्टी आहेस, बाबांवरच गेलायस. न्यायचं नाव काढत नाही. पण माझी बॅग भरलेली आहे असं समज.

दोन ओळी तरी लगेच पाठव.

ताई


ता. १९, गुरुवार

ती. ताईस,
बारक्याचा नमस्कार.

हे फोनवर बोलवत नाही; खोटं कळवू नकोस म्हणालीस, म्हणून सगळं लिहितो.

सोमवारी मावशींनी माझ्या कोटाचं निघालेलं बटण लावायला घेतलं होतं. बाबांचं ताट वर नेताना कोटही घेऊन गेल्या, की ते जेवतील तोवर उरलेले दोन टाके घालू. त्या पाणी आणायला वळल्या आणि बाबा कोट घेऊन बाहेर. जिन्यात पोस्टमन भेटला, त्याला सांगितलं, मुलगा कोट विसरला, नेऊन देतो. ताई, स्वतःचं नाव विसरलेला माणूस बँकेच्या रस्त्याला मात्र चुकला नाही.

कोट हातावर नीट घडी करून जमावात शिरले. निळा रंग दिसला आणि कुणीतरी तो ओढला. बाबांनी सोडला नाही. पडले, कपाळ फुटलं, तरी सोडला नाही. आम्हाला त्या दिवशी लवकर सोडलं होतं. ते दिसले आणि मी जीव तोडून धावलो. उठवायला गेलो, तर चोर, चोर म्हणून ओरडायला लागले आणि माझ्या मनगटाला चावले. पोलिसांनी मला मागून धरलं. हे माझे वडील आहेत, मी बँकेतलाच आहे, असं मी घसा फोडून सांगितलं. ओळखपत्र मागितलं. कुठून देऊ? मग त्यांनी बाबांनाच विचारलं, हा तुमचा मुलगा का. बाबांनी मला गेटवर बघायचे तसं खालपासून वरपर्यंत निरखलं आणि म्हणाले, नाही साहेब, माझा मुलगा बँकेत असतो, असल्या लोकांत नसतो.

रात्र चौकीत गेली. सकाळी आमच्या मॅनेजरांनी येऊन सोडवलं. बाबांना जमावातल्याच दोघीजणींनी दवाखान्यात नेलं होतं आणि त्यांच्या खिशात मी कायम ठेवतो त्या पत्त्यावरून घरी पोहोचवलं होतं. कपाळाला टाके पडलेत, बाकी बरे आहेत. झोपेत त्यांची मूठ सैल झाली, तेव्हा मावशींनी कोट सोडवून घेतला आणि रक्ताचे डाग धुऊन ठेवला.

तो ओलाच अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि वर जाऊन दार वाजवलं. बाबांनी कोटाकडे पाहिलं. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रडायला लागले. मावशींना सांगत होते, हाच तो, यानंच माझ्या पोराचा कोट घेतला, पोराचं काय केलंस ते विचारा याला.

तेव्हापासून मी मावशींच्या खोलीत झोपतो. वर त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येतात. स्वयंपाक मी करतो, ताट मावशी नेतात. काल जिन्यात समोरासमोर आलो, साध्या शर्टात होतो, तरी लगेच ओळखलं आणि आत पळून कडी लावली. माझा चेहरा आता त्यांच्या लक्षात राहतो, ताई. इतकी वर्षं मी देवाकडे दुसरं काय मागत होतो?

तू ये आणि त्यांना घेऊन जा. रविवार सकाळच्या गाडीची तुम्हा दोघांची तिकिटं काढून मावशींकडे ठेवतो. मुलगा बँकेतून परस्पर तिकडे यायचाय असं सांग, म्हणजे निघतील. मी स्टेशनवर येणार नाही. दिसलो, तर घाबरून गाडीत चढायचे नाहीत.

आम्हा दोघांवरही लोभ असू दे.

तुझा,
बारक्या