गुरं माळावर आहेत

१४ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. लिहून ठेवलेला संकल्प मोडत नाही, असं चौथीतले आमचे गुरुजी सांगायचे. कवितेच्या तासाला त्यांनी मला एक पेन्सिल बक्षीस दिली होती. अजून आहे. टोक नाही.

एक: दारू बंद, म्हणजे शोचू.
दोन: रोज एक कविता.
तीन: कियोनोचा खेळ पुरा करणे.

तिसऱ्याची वाच्यता नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गडी मुलांचं यंत्र घेऊन बसतो हे शेजारच्या कुसुनोला कळलं, तर गुरंवाल्यांच्या सभेला वर्षभराचा विषय मिळेल.

कियोनो जाऊन आज दोन महिने.

खेळात मुगिसातो नावाचं गाव आहे. गव्हाची शेतं, एक विहीर, एक पवनचक्की, अकरा माणसं. रानात मॉन्स्टर असतात. टोपली फेकून त्यांना पकडायचं, घरी आणून वाढवायचं, नावं ठेवायची. दोन वर्षं ती हेच करत होती, आधी स्वयंपाकघरात, मग हॉस्पिटलात. काय चाललंय, असं मी एकदाही विचारलं नाही. गरज नव्हती. चौपन्न वर्षांचा संसार. आमचं न बोलता कळायचं.

खेळातच पकडलेल्या मॉन्स्टरांची सचित्र वही असते, तिच्या वहीत एकच पान कोरं राहिलंय. ऑगस्टात ओबोन, गेलेली माणसं घरी येतात तो सण; तिचा पहिलाच. नागिसा फुकुओकाहून येईल. तीही हाच खेळ खेळते. माय-लेकी यंत्रातून एकमेकींच्या गावी जायच्या म्हणे. तोवर ते पान भरायचं आणि पोरीपुढे वही नुसती उघडून धरायची. बोलायचं काहीच नाही.

१५ मार्च

यंत्र सुरू होत नाही. हल्लीचा माल.

१५ मार्च, दुपार

चार्ज करावं लागतं.

१९ मार्च

गोठा पाहिला. म्हणजे मुगिसातोतला. चोवीस जनावरं, सगळी धुतल्यासारखी स्वच्छ. यांना मॉन्स्टर का म्हणतात कोण जाणे. एकीच्या पाठीवर शेवाळ, एकीचे कान मुळ्याच्या पाल्यासारखे. प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. मामे. युकिए. कोउमे. बायकांच्या मंडळातली नावं असावीत.

एकाचं नाव सेनझो! माझं! ऊर भरून आला. हा सेनझो दिसायला धोंड्यासारखा आहे आणि डोक्यावर गवत आहे. त्याला दोनच विद्या येतात: 'घोरणे' आणि 'दुर्लक्ष करणे'. म्हणजे स्थिरता आणि धैर्य. कियोनोने बरोबर ओळखलं होतं.

२ एप्रिल

कोऱ्या पानावरचा मॉन्स्टर फक्त पहाटे, धुक्यात, विहिरीपाशी येतो. पाच वाजता उठायचं ठरवलं. साडेसातला उठलो. शरीराला काय लागतं ते शरीरालाच कळतं.

तसंही, गोठ्यापाशी एक म्हातारी बसलेली असते, ती म्हणते, "गोठा भरलाय हो. एक बाहेर जाईल तेव्हाच एक आत येईल." रोज तेच म्हणते. बाई एकटी असणार.

शोचू: सर्दीमुळे अर्धा पेला. औषध मोजत नाहीत.

२९ एप्रिल

मोठा दिवस. आज गुरं माळावर सोडली. मार्चात जाळलेल्या माळाला नवं गवत फुटलंय. ट्रकातून उतरल्याबरोबर आमच्या चारही तांबड्या गायी शेपट्या वर करून अशा धावल्या, की वाटलं, आपण उगाच म्हातारे झालो. आता थेट नोव्हेंबरात खाली आणायच्या. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हेच. एप्रिलात सोडलेलं जनावर नोव्हेंबरात घरी येतं. न बोलावता फाटकापाशी येऊन उभं राहतं.

घरी येऊन यंत्र उघडलं, तर कियोनोची जनावरं गोठ्यात कोंडलेली. लाज वाटली. माझी माळावर आणि तिची आत? शिवाय म्हातारीचं बरोबरच आहे, जागा हवीच.

एकेकीवर बोट ठेवलं की खाली 'रानात सोडा' असं येतं. दाबलं. मग यंत्र विचारतं, "हा कायमचा निरोप आहे. सोडायचं?" शहरातल्या पोरांनी लिहिलेलं. गुरं म्हणजे काय ते त्यांनी फक्त ताटात पाहिलेलं. तेवीस वेळा 'हो' दाबलं. प्रत्येकीने जाताना एकदा वळून पाहिलं आणि गवतात दिसेनाशी झाली. काय शिस्त!

सेनझो तेवढा जात नाही. शेवटचं जनावर सोडता येत नाही असा नियम आहे म्हणे. राहू दे. घरी कुणीतरी हवंच.

यंत्राने सगळं आपोआप नोंदवून ठेवलं. म्हणजे काळजी नाही.

कविता:
माळावर धुकं.
गाय दिसत नाही,
घंटा वाजते.

पेपरला पाठवली.

२० मे

कविता छापली नाही. या महिन्यात त्यांच्याकडे जागा कमी असावी.

११ जून, सकाळ

पावसाळा लागला. पाचला उठलो (चुकून, पाय आखडला म्हणून). धुकं. विहीर. तो आला! पांढरा, कापसासारखा, डोळे गायीचे. टोपली फेकली. विहिरीत गेली.

आणखी सेहेचाळीस टोपल्या विहिरीत. विहीर खोल आहे.

३ जुलै

कुसुनो न सांगता आत आला. ताकानाच्या लोणच्याची बरणी घेऊन आला होता, त्यामुळे हाकलता येईना. यंत्र उशीखाली लपवलं, तर ते उशीखालून गाऊ लागलं.

"अरे सेनझो," म्हणाला, "खऱ्या चार गायी तिकडे माळावर माश्या वारतायत, आणि तू इकडे खोट्यांना चारा घालतोस होय!"

मी म्हटलं, खोट्याही माळावरच आहेत.

तो बराच वेळ हसला. मग हसायचा थांबला. मग म्हणाला, "कियोनोवहिनींचं आहे काय ते?" आणि बरणी ठेवून गेला. बरणी परत मागितली नाही. एरवी लगेच मागतो.

१४ ऑगस्ट

नागिसा काल आली. दारात पांढरा कंदील लावला. पहिल्या ओबोनचा पांढराच असतो. कियोनोला घर सापडेल. तिला रस्ता चुकायची सवय नव्हती, मला होती.

जेवण झाल्यावर यंत्र पुढे केलं. कोरं पान अजून कोरंच आहे, पण हवामान पाहता हे यश कमी नाही, हेही सांगितलं. तिने आधी गोठाच उघडला.

"बाबा, मामे कुठंय?"

"माळावर."

"आणि युकिए?"

"सगळी माळावर. एप्रिलातच सोडली. नोव्हेंबरात उतरवतो."

तिने गोठा बंद करून पुन्हा उघडला. मग म्हणाली, "असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? जन्मभर गुरं पाळली की मी!"

"हो बाबा," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी मी आधीच घासली होती. नळ बराच वेळ चालू होता. शहरात राहून पाण्याची किंमत राहत नाही.

कंदिलाखाली बसलो होतो तेव्हा हळूच म्हणाली, "आईने त्यांची नावं कशावरून ठेवली, माहितेय ना तुम्हाला?"

"माहीत नसायला काय झालं! आमचं न बोलता कळायचं," मी म्हटलं.

पुढे तिने काही विचारलं नाही. समाधान झालं असावं.

१६ ऑगस्ट

नागिसा गेली. स्टेशनवर तिने माझी कॉलर नीट केली. नीटच होती.

२२ सप्टेंबर

शोचूचा संकल्प पुढल्या वर्षावर ढकलला. एका वेळी एकच काम पूर्ण मनाने करावं. कविता रोजची महिन्याला एक केली. पेपरकडून काही नाही. बहुतेक विशेषांकासाठी राखून ठेवतायत.

मुगिसातोत गव्हाची पेरणी झाली. मी आणि धोंडा सेनझो रोज सकाळी माळाच्या फाटकापर्यंत चालत जातो. गवत उंच झालंय. आत हालचाल दिसल्यासारखी वाटते. वारा असतो.

३ नोव्हेंबर

गुरं उतरवली. चारही आल्या, दोघींबरोबर वासरं. फाटकापाशी येऊन उभ्याच होत्या. कुसुनोला म्हटलं, बघ, न बोलावता. तो म्हणाला, "भूक बोलावते रे." त्या माणसात काव्य नाही.

घरी आल्याबरोबर यंत्र. सेनझोला घेऊन फाटकापाशी उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत.

यंत्रातलं कॅलेंडर मागे असेल.

५ नोव्हेंबर

नाही. तिथलं गवत अजून हिरवं आहे. हिरवं सोडून कोण येईल?

९ नोव्हेंबर

मुगिसातोत बर्फ पडला. गवत गेलं. माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो.

म्हातारी म्हणाली, "गोठ्यात खूप जागा आहे हो."

कुठलं तरी बटण असणार. नागिसाला विचारतो. आज नको, ती कामात असेल.

१६ नोव्हेंबर, दुपार

आज रविवार म्हणून फोन केला. विचारलं, खाली बोलवायचं बटण कुठलं? बर्फ पडलाय, वासरं लहान असतील.

ती म्हणाली, "बाबा, तसं बटण नसतं. एकदा सोडलं की परत येत नाहीत."

मी म्हटलं, तसं लिहिलेलं होतं खरं. पण लिहिणाऱ्यांना गुरांचं काय कळतं.

"बाबा, ती आपलीच गुरं होती."

म्हणजे?

मग तिने सांगितलं. मी ट्रकात चढवून बाजारात पाठवलेल्या गायी. नागिसा कॉलेजला गेली त्या वर्षीची मामे. वादळात गोठ्याचं छप्पर उडालं त्या वर्षीची युकिए. कोउमे, जी ट्रकात चढेना म्हणून मी शिव्या घातल्या होत्या. ही नावं कुठल्याच कागदावर नव्हती. कियोनो गोठ्यात त्यांना या नावांनी हाक मारायची.

"आई ट्रकच्या मागे वळणापर्यंत जायची, आठवतं? आणि तुम्ही म्हणायचात, कानात नंबर आहे ना, मग नाव कशाला."

आठवतं. असंच म्हणायचो.

"तिने एकेक करून सगळ्यांना परत आणलं होतं, बाबा. मुगिसातोत बाजार नाही."

ऑगस्टात का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. जरा चढ्या आवाजात विचारलं. म्हणाली, "तुम्ही नोव्हेंबर म्हणालात. इतक्या आनंदात म्हणालात, की माझी जीभ वळेना."

फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "आईने मला दिलेली एक आहे माझ्याकडे. तोमे. पाठवू का तुमच्या गोठ्यात?"

नको म्हटलं. तुझ्याकडेच असू दे. मी माळावर सोडून बसेन.

ती हसली बहुतेक. नाक ओढल्याचा आवाज आला.

१७ नोव्हेंबर

यंत्र उघडलं नाही. कविता नाही.

सकाळी गोठ्यात गेलो, आपल्या. चारही रवंथ करत उभ्या. कियोनो असताना ती पहाटे इथे येऊन काहीतरी पुटपुटायची. मी आतून ओरडायचो, चहा कुठंय. या चौघींना ती काय म्हणायची, ते मी विचारलेलं नाही. नागिसाला फोन करून पाहिला. तिलाही माहीत नाही. या गायी नागिसाच्या लग्नानंतरच्या.

एकीला हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. मग "तीनशे सतरा" म्हणून पाहिलं.

कुणी मान वळवली नाही.