प्लातोन बुडाला तेव्हा मी काय बघत होतो

मी, वालेरियान ल्वोविच तुरानोव, वय एकसष्ट, जिल्हा कचेरीतला निवृत्त कारकून, राहणार व्होल्गाकाठचे झारेचिन्स्क, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळचे कोणी उरलेले नाही. बुद्धी शाबूत आहे. ती जन्मभर जरा जास्तच शाबूत राहिली, म्हणून माझे कुणाशी जमले नाही.

१. माझी पुस्तके इथल्या शाळेला द्यावीत. समासातली माझी टिपणे आधी खोडावीत. ती सगळी माझ्याचविषयी आहेत.

२. घोडा, घसरगाडी व फरकोट माझा गाडीवान नजार याला द्यावा. चोवीस वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, नदीवरचा बर्फ फुटून माझा एकुलता मित्र प्लातोन पाण्यात गेला. मी दहा पावलांवर होतो, हातात लांब काठी होती. प्लातोन माझ्याकडे बघत होता. मी हललो नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. आता आपण धावणार, पण हे धावणे खरे असेल की देखाव्याचे, याचा मी विचार करत होतो. नजार काठावरून पळत आला, काठी माझ्या हातून हिसकावून बर्फावर पालथा पडला. तोवर उशीर झाला होता.

परतताना त्याने विचारले, "मालक, तुम्ही तेव्हा काय बघत होता?"

"स्वतःला," मी म्हणालो.

त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

३. चुलतभाऊ व्सेवोलोद याला काहीही देऊ नये. त्याने भरल्या पंगतीत मला "आमचे तत्त्वज्ञ" म्हणून माझे हसे केले. तो बरोबर होता, म्हणूनच माफी नाही.

४. राहते घर प्लातोनच्या पत्नी ग्लाफिरा सेम्योनोव्हना यांना द्यायचे ठरवले होते. मी प्लातोनला वाचवायला धडपडलो, असे गाव समजते. मी तसे कधी सांगितले नाही, कधी खोडूनही काढले नाही. दर रविवारी त्यांच्याकडे चहाला जात राहिलो आणि आपण किती नीच आहोत हे मनात घोळवत राहिलो. परवा हा मसुदा त्यांना वाचून दाखवला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "नजारनं त्याच आठवड्यात सांगितलं."

"मग मला घरात का येऊ दिलंत?"

"वर्षभर वाट बघितली, तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून. मग सवय झाली. एकटीसाठी चहाचा समोवार कुठं पेटवत बसायचा?"

"माझा राग नाही आला?"

"आला होता ना. पण तुम्हीच स्वतःला इतकं बोलायचात, की मला मधे बोलायला जागाच राहायची नाही. आणि ते घर नको मला, वालेरियान ल्वोविच. तिथं सगळीकडे तुम्हीच आहात."

मला हलके वाटायला हवे होते. वाटला अपमान. आणि आपल्याला अपमान वाटतो आहे, हेही मी बघत बसलो. तोवर त्या कप उचलून आत गेल्या होत्या.

५. सबब घर गावच्या दवाखान्याला द्यावे. मला प्लातोनशेजारी पुरू नये. ती जागा ग्लाफिरा सेम्योनोव्हना यांची आहे. हे त्यांनी मागितलेले नाही; त्यांनी माझ्याकडे कधीच काही मागितले नाही.

वरील मजकूर वाचून, काहीही न बदलता सही केली.

वालेरियान तुरानोव
झारेचिन्स्क, ३ नोव्हेंबर १८७९

समक्ष साक्षीदार:
फेओक्तिस्त झ्वोनारेव, औषधविक्रेता
नजार, गाडीवान. लिहिता येत नाही, सबब फुली. फरकोट नको असे त्याने सांगितले. ते त्याच्या सांगण्यावरून येथे नोंदवले.