बैलाचे पाय

मंगळवार, संध्याकाळ. लोणावळा.

कामशेतहून, आबांच्या घरून आल्यापासून एका जागी बसवत नाही. आबांवरचा लेख उद्या द्यायचाय. आपल्याकडे कार्टूनपट काढणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. पडद्यावरच्या बैलाची ती चाल त्यांनी महिनोन्महिने निरीक्षण करून साधली, असं मी लिहून बसलेय.

आज चहा देताना मावशी, म्हणजे त्यांची बायको, हसत सुटल्या. "कुटलं निरीक्षण! ह्यांचा बैल एका अंगाचे दोन्ही पाय संगंच उचलायचा, दारू प्यायल्यावानी. आमच्या परंदवडीत असला बैल कुणी बघितला न्हाई. मग सैपाक करता करता समदे पाय मीच काढले."

आबा चित्रं चाळत म्हणाले, "खरंय. पण मला कुणी विचारलंच नाही."

त्या चित्रांच्या कोपऱ्यांवर पिवळे डाग आहेत. 'कागद जुने होऊन पिवळे पडलेत,' असं मी लिहिलं होतं. ती हळद आहे. प्रत्येक कोपऱ्यावर अंगठ्याएवढी. आणि मी म्हणे तपासून लिहिते!

दोन्ही वाक्यं खोडली. 'बैलाचे पाय काढले ते...' इथवर लिहिलं आणि थांबले. दोन वर्षं त्यांच्या हातचा चहा पितेय. मावशींचं नाव मला माहीत नाही.