पाण्याची तक्रार

महदिया, १४ सप्टेंबर १९८६

चि. लुत्फीस सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून घर पुन्हा गप्प झालं. तू आणलेली कॉफी संपली. चव बरी होती, तुझ्या बढाईइतकी नव्हती.

आता ऐक. बाबा तुझं नाव घेऊ लागले आहेत. आई गेली आणि तिच्या चाळिसाव्या दिवसाला तू आला नाहीस, तेव्हापासून तुझा विषय निघाला की ते उठून जात. या उन्हाळ्यात तू एकट्याने अंगण खणलंस, गंजलेला लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा घातलास, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. पण तू गेलास आणि त्यांना पाणी चावू लागलं. नमाजाआधी अंगणातल्या नळाशी बसतात, तोटीला हात लागला की कोपरापर्यंत कळ जाते. मला काहीच होत नाही, म्हणून मी म्हटलं, वय झालं बाबा, साखर तपासून घ्या. ते म्हणाले, साखर कसली! मुलाने दारात पाणी आणून दिलं आणि बाप एक शब्द बोलला नाही, मग पाणी तक्रार करणारच.

काल पाणी तापवायची टाकी चालू होती. कळ अशी आली की मागे कलंडले, आणि उठून पुन्हा तिथेच बसले. मी ओरडले तर म्हणाले, राहू दे, मिळायला हवं तेच मिळतंय. संध्याकाळी तुला लिहायला कागद मागून घेतला. अजून कोरा आहे. धीर धर.

पाइप कुठल्या दर्ग्यातून आणलास रे?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
नजीहा


लिऑं, २२ सप्टेंबर १९८६

ती. नजीहाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताच आपल्या घराच्या कोपऱ्यावरच्या सालहच्या दुकानात फोन केला, घरी जाऊन मेन स्विच पाड म्हणून सांगितलं. त्याने तो पाडला असेल. मोंजी वायरमन येईपर्यंत तो कुणी उचलायचा नाही.

ते पाणी तक्रार करत नव्हतं. ती वीज होती. आपल्या घराची अर्थिंगची तार त्या जुन्या लोखंडी पाइपला बांधलेली होती. टाकीतून गळणारी वीज पाइपातून जमिनीत जायची, कुणाला कळायचंही नाही. जमिनीतलं लोखंड मी काढलं. प्लास्टिकमधून वीज जात नाही. घरातले पाइप आणि नळ तसेच राहिले, आणि विजेला वाट उरली ती बाबांमधून. तुझ्या पायात लाकडी खडावा असतात. ते ओल्या फरशीवर अनवाणी बसतात.

इथे परदेशात मी रोज हेच काम करतो. पाइप बदलला की आधी सगळे पाइप तारेने एकत्र बांधायचे आणि ती तार जमिनीत ठोकलेल्या तांब्याच्या दांड्याला जोडायची. ती जुनी तार मी पाहिली होती, ताई. पण बाबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले होते. वाटलं, काम संपलेलं दिसलं तर काही बोलतील. म्हणून घाई केली.

सालहला मी कारण सांगितलं नाही. वाटलं, चूक माझी हे बाबांना कळलं नाही तर त्यांचं पत्र येईल. दोन दिवस तसाच बसलो. पण पुन्हा कुठे कळ आली तर शिक्षा समजून ते हात तिथेच धरून ठेवतील. हे त्यांना वाचून दाखव. काही वगळू नकोस.

लोभ ठेव, असं कुठल्या तोंडाने लिहू?

लुत्फी


महदिया, ९ ऑक्टोबर १९८६

चि. लुत्फीस आशीर्वाद.

नजीहाने तुझं पत्र वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. मोंजीने दांडा ठोकला, पाइप बांधले, टाकी बदलली. काम करताना त्याने तुला शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या, मग माझ्या दोन घातल्या.

आता तोटीला हात लावला तर काही होत नाही. पहिल्या दिवशी मी हात बराच वेळ तसाच ठेवला.

तुझी चूक मोंजीने दुरुस्त केली. माझी त्याला करता येत नाही. उंबऱ्यात मी बोलायलाच उभा होतो. तू मान वर केली नाहीस, आणि मला ते निमित्त पुरलं.

नोव्हेंबरात ऑलिव्ह उतरवायचे आहेत. झाडावर चढायला माणूस नाही. रजा मिळाली तर ये, नाही मिळाली तरी ये.

नजीहा म्हणते, शेवटी लोभ असावा असं लिहितात. तो होताच. पाना-पक्कड तिथेच ठेवून ये.

बाबा